पन्नास हजारांची श्रीमंती

दिव्यांगांच्या अर्थसाहाय्याला उत्पन्नाची कडक अट हवीच, असे म्हणणारे बहुतेक लोक समंजस असतात. त्यांचा पूर्वपक्ष असा: सरकारचा पैसा मर्यादित आहे आणि खोटे दाखले काढणारे पुष्कळ आहेत, तेव्हा चाळण बारीक असलेली बरी, खरा गरजू काही तिच्यातून गळून पडणार नाही. शहापूर-मुरबाडकडे हे मत तहसील कचेरीच्या आवारात ऐकू येते, तसेच एसटीतही.

आधी ती चाळण पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्याला तिचा लाभ मिळतो, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवे. (इतर निराधारांसाठी ही मर्यादा २१,००० आहे, तो आणखी वेगळा विनोद.) आता हिशेब करा. रोजगार हमीची मजुरी राज्यात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली. या दराने घरातल्या सगळ्यांचे मिळून वर्षात १६० दिवस भरले तर ४९,९२० रुपये होतात आणि घर गरीब राहते. कोणी आणखी एक दिवस कामावर गेले की त्या घराची गरिबी संपली! नवरा-बायको दोघे मजुरीला जाणारे असतील तर माणशी जेमतेम ऐंशी दिवस. डोळखांब किंवा टोकावडे भागातल्या कोणत्याही मजुराच्या घरी विचारा, वर्षाला एवढ्याच दिवसांत भागते का.

मग ज्यांना पैसे मिळतात त्यांचे उत्पन्न खरोखरच इतके कमी असते का? माझ्या मते बहुतेकांचे नसते, आणि हे अर्जदारालाही माहीत असते, दाखला देणाऱ्यालाही. मर्यादेत बसणारा आकडा लिहिला जातो, कारण तसा लिहिला नाही तर तालुक्यात एकही पात्र माणूस उरायचा नाही. अटीने प्रत्यक्षात निवड होते ती असा आकडा लिहून घेऊ शकणाऱ्याची: ज्याची तलाठ्याशी ओळख आहे, सेतूत जाऊन फॉर्म भरणारा मुलगा घरात आहे, हेलपाट्यांपायी मजुरी बुडाली तरी ज्याला चालते त्याची. कातकरी कुटुंबाचे काय होते ते पाहा. त्याच्या नावावर सातबारा नाही. दिवाळीनंतर ते वीटभट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडावर परत येते. भट्टीमालकाकडून घेतलेली उचल फेडण्यातच हंगाम जातो. त्याची कमाई कोणत्या रकान्यात लिहायची? आणि चौकशीला, हयातीच्या दाखल्याला त्याला गाठायचे कुठे? चाळणीतून पहिला गळतो तो हा.

उत्पन्नाच्या अटीत याहून खोल दोष आहे, आणि तो अमर्त्य सेन यांनी स्पष्ट करून दाखवला आहे. दिव्यांगत्वाने कमाई घटते हे सगळ्यांना दिसते. पण मिळालेल्या पैशाचे जगण्यात रूपांतर करतानाही दिव्यांग माणसाला जास्त खर्च येतो, हे नजरेतून सुटते. ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (२००९) मध्ये त्यांनी वीबके कुक्लिस यांचा ब्रिटनमधला अभ्यास दिला आहे. दिव्यांग व्यक्ती असलेल्या कुटुंबांतले २३.१ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. हा वाढीव खर्च धरला तेव्हा प्रमाण ४७.४ टक्क्यांवर गेले. हे ब्रिटनमधले. आपल्याकडे तपासणीसाठी पाड्यावरून ठाण्याला जायचे तर सोबतीला घरातले एक माणूस लागते, म्हणजे गाडीभाड्यावर त्याची मजुरीही बुडाली. शेजारच्या धडधाकट घराइतकेच उत्पन्न असलेले हे घर शेजाऱ्यापेक्षा गरीब असते. दाखल्यात मात्र दोन्ही घरे सारखी.

कायद्याने हे ओळखले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. प्रत्यक्षात २०२३ पासून दोन वर्षे राज्यात सर्व निराधारांना सारखेच १,५०० रुपये मिळत होते. दिव्यांगांचे २,५०० झाले ते ऑक्टोबर २०२५ पासून. केंद्राचे दिव्यांग निवृत्तिवेतन तर ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे नाव मागते, आणि त्यातला केंद्राचा वाटा २०१२ पासून ३०० रुपयांवरच आहे.

राहिला खोट्या दाखल्यांचा मुद्दा. तो खरा आहे. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्यावरचे आरोप देशभर गाजले. पण तो वाद मोठ्या नोकरीसाठीच्या सवलतीचा होता, महिना दीड हजाराचा नव्हता. शिवाय दिव्यांगत्व खरे की खोटे हे ठरवायचे काम वैद्यकीय मंडळाचे. तिथली फसवणूक तलाठ्याच्या उत्पन्न-दाखल्याने थांबवू पाहणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पूर्वपक्षाचा उरलेला आधार तिजोरीचा. तोही टिकत नाही, कारण सरकारने स्वतःच तो सोडला आहे. जुलै २०२४ पासूनच्या लाडकी बहीण योजनेत उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे, आणि पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागितलेला नाही. लाभ महिना १,५०० रुपये. त्या योजनेला माझा विरोध नाही. पण एकाच गावात, त्याच सरकारच्या लेखी, दोन लाखांच्या घरातली धडधाकट बाई गरजू आणि साठ हजारांच्या घरातला अंध माणूस सुस्थितीत, हे कोणत्या तर्कात बसते?

तेव्हा मागणी सरळ आहे: दिव्यांगांसाठीही मर्यादा अडीच लाख करा आणि रेशनकार्ड पुरावा म्हणून चालवा. ते होईपर्यंत शहापूर-मुरबाडच्या वाचकांनी एक करावे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, आणि त्याला तहसीलच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. पाड्यावरच्या पंचायतीत ती रक्कम तुटपुंजी असेल, एमआयडीसीलगतच्या पंचायतीत बरी असेल. येत्या ग्रामसभेत ती किती होती आणि कोणावर खर्च झाली, हे उभे राहून विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.