गांधीहत्येतील जखमांचा पुरावा

बंदुकीच्या गोळीने शरीरावर पडलेली छिद्रे आणि प्रत्यक्षात लागलेल्या गोळ्या यांची संख्या एकच असते असे नाही, कारण आरपार गेलेली गोळी दोन छिद्रे पाडते आणि शरीरात अडकलेली एकच. म्हणूनच न्यायवैद्यकशास्त्रात, म्हणजे न्यायदानाला साहाय्य करणाऱ्या वैद्यकशास्त्रात, गोळी शिरल्याची जखम आणि ती बाहेर पडल्याची जखम यांची स्वतंत्र नोंद केली जाते. शिरताना गोळी त्वचेला आत ढकलत घासून जाते, त्यामुळे छिद्राभोवती खरचटल्याचे कडे उमटते. बाहेर पडताना त्वचा आतून फाटते, कडा बहुधा वेड्यावाकड्या असतात आणि ते कडे सहसा आढळत नाही. महात्मा गांधींच्या हत्येतील ‘चौथ्या गोळी’चा वाद याच भेदाच्या आधारे तपासायला हवा.

३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी दिल्लीच्या बिर्ला भवनात, पुण्याच्या ‘हिंदू राष्ट्र’ दैनिकाचा संपादक नथुराम गोडसे याने ग्वाल्हेरात मिळवलेल्या ६०६८२४ क्रमांकाच्या बेरेटा पिस्तुलातून, समोरून आणि अगदी जवळून गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल बी. एल. तनेजा यांनी मृतदेहाची बाह्य तपासणी केली. उपलब्ध वर्णनानुसार पहिली गोळी पोटाच्या उजव्या बाजूस, बेंबीच्या अडीच इंच वर आणि शरीराच्या मध्यरेषेपासून साडेतीन इंचांवर शिरली. दुसरी बरगड्यांमधल्या सातव्या फटीतून, तर तिसरी छातीच्या उजव्या भागात शिरली. पहिल्या दोन पाठीतून बाहेर पडल्या आणि तिसरी फुप्फुसात राहिली. म्हणजे गोळ्या तीन, पण छिद्रे पाच.

शवविच्छेदन झाले नाही आणि त्याच दिवशी यमुनेकाठी अंत्यसंस्कार झाले. तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ चा रोख मृत्यूच्या कारणाविषयी शंका असलेल्या प्रकरणांत वैद्यकीय तपासणी करून घेण्यावर होता. येथे मारेकरी जागीच पकडला गेला होता आणि साक्षीदार पुष्कळ होते. तरीही शवविच्छेदन न करण्याच्या निर्णयाने इतिहासाचे नुकसान झालेच, कारण गोळ्यांनी शरीरात कोणता मार्ग घेतला, कोणते अवयव किती फाटले हे कळण्याची वाट बंद झाली. फुप्फुसातील गोळी बाहेर काढून, पिस्तुलाच्या नळीतील वळणदार खाचांचे तिच्यावर उमटलेले ओरखडे जुळवून पाहणेही राहून गेले. लाल किल्ल्यातील खटल्यात गोडसेने गोळ्या झाडल्याचे नाकारले नाही आणि अपिलातही खुनाच्या दोषसिद्धीला नव्हे, तर कटाच्या आरोपाला आव्हान दिले. त्यामुळे जखमा हा वादाचा विषय झालाच नाही.

तो झाला जवळजवळ सात दशकांनी. मुंबईच्या ‘अभिनव भारत’ संस्थेचे विश्वस्त डॉ. पंकज फडणीस यांनी सर्वोच्च न्यायालयात फेरतपासाची मागणी करताना, त्या काळच्या वृत्तपत्रांतील चार गोळ्यांच्या उल्लेखांचा आधार घेतला. सात गोळ्या मावणाऱ्या पिस्तुलातील चार पोलिसांना मिळाल्या, म्हणजे त्यातून तीनच सुटल्या, हे त्यांनाही मान्य होते. चौथी दुसऱ्या कोणीतरी झाडली, असा त्यांचा दावा होता. या दाव्यासाठी शरीरावर गोळी शिरल्याची चौथी जखम दाखवावी लागते, आणि अशी जखम मोजायला शरीर उघडावे लागत नाही, ती बाह्य तपासणीतच दिसते. शवविच्छेदनाच्या अभावामुळे गोळीच्या मार्गाचे ज्ञान उणे राहते हे खरे, परंतु त्या उणिवेतून आणखी एक गोळी निर्माण करता येत नाही.

शवविच्छेदन झाले म्हणून शंका मिटतात असेही नाही. १९६३ मध्ये गोळ्या झाडून हत्या झालेले अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या गळ्यावरील लहान जखम डॅलसच्या डॉक्टरांना गोळी शिरल्याची वाटली. प्राण वाचवण्याच्या धडपडीत त्यांनी श्वासनलिकेसाठी तिथेच छेद घेतला, आणि त्यामुळे बेथेस्डा येथे शवविच्छेदन करणाऱ्यांना ती जखम ओळखता आली नाही. डॅलसच्या डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत मृतदेह हातातून गेला होता, आणि गोळी पुढून आली की मागून, हा वाद आजही चालू आहे.

गांधीहत्येच्या बाबतीत न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाने साहाय्यासाठी नेमलेले वकील, अमरेंद्र शरण यांनी कागदपत्रे तपासून फेरतपासाची गरज नसल्याचा अहवाल दिला, आणि न्यायमूर्ती शरद बोबडे व न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांच्या खंडपीठाने २८ मार्च २०१८ रोजी याचिका फेटाळली.