मोजपट्टी कुणाच्या मापाची?

बुद्धी मोजण्याची पहिली चालणारी कसोटी आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसच्या शाळकरी मुलांसाठी बेतली. १९३०च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी तिची मराठी आणि कानडी मुलांसाठी आवृत्ती केली. कामतांचं मोठेपण नुसत्या भाषांतरात नाही. कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या बहुतेक मुलांना सुटतो, हे त्यांनी इथल्या मुलांना विचारून नव्यानं ठरवलं. ही मुलं धारवाडकडची, मुंबई इलाख्यातली होती. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि तिथे माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. जिंतूर-पाथरीच्या मराठी घरातल्या पोराची घरची भाषा एक, वरच्या वर्गाची दुसरी. भाषेनं जवळचं असूनही हे पोर कामतांच्या हिशेबात आलंच नाही. परभणीच्या बुद्धिमापनाचा इतिहास या गैरहजेरीपासून सुरू होतो, आणि कागदाच्या जागी संगणक आला तरी ती भरून निघालेली नाही, असं माझं म्हणणं आहे.

१९५६ नंतर मराठवाडा मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला. शिष्यवृत्तीच्या परीक्षेतून ‘बुद्धिमत्ता चाचणी’ खेडोपाडीच्या शाळांत रुळली. विसंगत पद ओळखा, मालिका पूर्ण करा, आरशात घड्याळ किती वाजल्याचं दिसेल ते सांगा. २०२३च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ बौद्धिक चाचणीचे होते आणि सगळी परीक्षा संगणकावर झाली. यावर कुणी म्हणेल, यंत्र तर निःपक्षपाती असतं. सगळ्यांना सूचना त्याच, वेळ तेवढाच, परीक्षकाच्या चेहऱ्यावरून उत्तर ताडायची सोय नाही. हे खरं आहे, आणि हा फायदा लहान नाही. पण यंत्र वेळ अचूक मोजतं म्हणून त्या वेळाचा अर्थ अचूक लागतो असं नाही. माउस हाताळायची सवय नसलेल्याचे सेकंद आणि मंद विचाराचे सेकंद पडद्यावर सारखेच दिसतात. मग आकृत्यांच्या चाचण्या घ्या, त्यांना भाषा लागत नाही, असंही सुचवलं जातं. रेव्हन यांची १९३८ची चाचणी याच आशेतून पुढे आली. पण जेम्स फ्लिन यांनी १९८०च्या दशकात देशोदेशीचे आकडे तपासले, तेव्हा पिढीगणिक गुण सर्वांत जास्त चढलेले दिसले ते अशाच आकृत्यांच्या चाचण्यांत. दोनतीन पिढ्यांत माणसाचा मेंदू बदलत नसतो. बदलली ती शाळा आणि राहणी.

म्हातारपणी तर हा प्रश्न टोकाला जातो. स्मृतिभ्रंशाच्या एका जुन्या अमेरिकी चाचणीत कागदावर ‘डोळे मिटा’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून तसं करायचं, आणि मग एक वाक्य लिहून दाखवायचं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या सोनपेठच्या आजी इथे गुण गमावणार, आणि त्यांना विसराळू ठरवलं जाणार. हरयाणातल्या बल्लभगडच्या वृद्धांसाठी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी चाचणीनं ही खोट काढली: परीक्षक स्वतः डोळे मिटतो आणि समोरच्याला तसंच करायला सांगतो. केवढा साधा बदल! मुंबईच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेनं २०१७ पासून केलेल्या वार्धक्य-पाहणीत सुमारे ७२ हजार जणांची उत्तरं थेट संगणकात नोंदली; त्यात दहा शब्द ऐकून आठवायचे आणि शंभरातून सात-सात वजा करायचे होते. ऐकून आठवणं निरक्षरालाही जमतं, पण ही वजाबाकी शाळेतली आहे. म्हणून गुण लावताना शिक्षण बाजूला ठेवून चालत नाही.

प्रत्येक जिल्ह्याची वेगळी प्रमाणकं, म्हणजे कुणाला किती गुण पडणं सामान्य याचे आकडे, कशी काढणार, खर्च कोण करणार, हा आक्षेप रास्त आहे. पण मागणी तेवढी मोठी नाहीच. निरक्षर, चौथीपर्यंत आणि त्यापुढे शिकलेले, असे गट घेऊन मराठी वृद्धांची प्रमाणकं एकदा नीट काढली, आणि त्या नमुन्यात मराठवाड्याची खेडी असली, तरी पुष्कळ साधेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं स्मृतिभ्रंश तपासण्याचा संच हिंदी, बंगाली, तेलुगू, कानडी आणि मल्याळम या ५ भाषांत पारखून घेतला. कामतांच्या कामात मराठी कानडीच्या शेजारी होती. या यादीत कानडी आहे, मराठी नाही. परभणीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. हे काम तिथून सुरू होऊ शकतं.