सुलतानाला ‘नाही’ म्हणणारे

अल्लाउद्दीन खिलजीचे नाव निघाले की मराठी माणसाला देवगिरी आठवते, आणि ते साहजिकच आहे. १२९६ साली कड्याचा हा सुभेदार दिल्लीला पत्ता लागू न देता विंध्य ओलांडून आला आणि रामदेवरायाकडून अलोट संपत्ती घेऊन परतला. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा त्याचा चुलता आणि सासरा जलालुद्दीन होता. अहमद चाप नावाच्या सरदाराने त्याला स्पष्ट सांगितले, की चंदेरीकडे चला आणि पुतण्याची वाट अडवा. म्हाताऱ्याला ते रुचले नाही. पुतण्याबद्दल संशय घेतो म्हणून त्याने चापलाच बोल लावला. मग थोड्या माणसांनिशी भेटीला गेला आणि कड्याला गंगेच्या काठी मारला गेला. खरे बोललेल्या अहमद चापचे पुढे नव्या सुलतानाने डोळे काढले!

अशा माणसाला सल्ला कोण देणार, असे आपल्याला वाटेल. पण इतिहास इतका सरळ नसतो. झियाउद्दीन बरनीने आपल्या ‘तारीख-ए-फिरोजशाही’त दोन प्रसंग नोंदवले आहेत.

पहिला प्रसंग बरनीच्या सख्ख्या चुलत्याचा. अलाउल्मुल्क हा दिल्लीचा कोतवाल. अंगाने इतका स्थूल, की दरबारात महिन्यातून एकदाच येई. (देवगिरीच्या स्वारीच्या वेळी कड्याहून जलालुद्दीनला बनावट खबरी धाडणारा तो हाच, हेही सांगायला हवे.) राज्याच्या सुरुवातीच्या विजयांनी सुलतानाच्या डोक्यात दोन कल्पना शिरल्या होत्या : एक नवा धर्म काढायचा आणि सिकंदरासारखे जग जिंकायचे. मद्याच्या बैठकीत तो हे बोलून दाखवी आणि भोवतालचे माना डोलावत. एके दिवशी त्याने कोतवालाला विचारले. कोतवाल म्हणाला, आधी मद्य उचलायला सांगा आणि चार प्रमुख खानांखेरीज सगळ्यांना बाहेर पाठवा. मग बोलला. धर्म हे पैगंबरांचे काम, राजांचे नव्हे. चंगीजखानाने रक्ताच्या नद्या वाहवल्या, पण त्याचा धर्म कुणी घेतला नाही. उलट मोगलच मुसलमान झाले. आणि जग जिंकायला जाल, तर मागे दिल्ली कुणाच्या भरवशावर? सिकंदराजवळ ॲरिस्टॉटल होता, तुमच्याजवळ कोण आहे? आधी रणथंभोर, चितोड घ्या, मोगलांची वाट बंद करा आणि मद्य व शिकार कमी करा. सुलतानाने जरीचा पोशाख, दहा हजार टंके, दोन घोडे आणि दोन गावे इनाम दिली. नाण्यांवरची ‘दुसरा सिकंदर’ ही पदवी मात्र त्याने सोडली नाही! माणसाचा स्वभाव एका बैठकीत थोडाच बदलतो?

१२९९ साली मोगल दिल्लीपर्यंत आले, तेव्हा याच कोतवालाने लढाई लांबणीवर टाका असे सुचवले. सुलतानाने ते मानले नाही. कीलीच्या मैदानात गेला. पण जाताना शहर सोपवले ते त्याच कोतवालावर. मला या गोष्टीत हे सर्वांत महत्त्वाचे वाटते.

दुसरा प्रसंग बयान्याच्या काझी मुघीसचा. सुलतानाने त्याला शरियतीविषयी प्रश्न विचारले. काझीची सगळीच मते आज आपल्याला पटणारी नाहीत, काही तर फारच कठोर आहेत. पण मोठा प्रश्न आपल्या देवगिरीचा होता : ती संपत्ती माझी, की सार्वजनिक खजिन्याची? काझी म्हणाला, फौजेच्या बळावर आली, तेव्हा ती खजिन्याची. मग माझा आणि माझ्या कुटुंबाचा वाटा किती? धर्मशील खलिफांचा कित्ता गिरवायचा, तर एका शिपायाला मिळतात तेवढे, २३४ टंके! माझ्या तलवारीची भीती वाटत नाही का, असे सुलतानाने विचारले. वाटते, काझी म्हणाला. पण शरियत विचारलीत म्हणून शरियत सांगितली. शेवटी सुलतानाने आपल्या क्रूर शिक्षांबद्दल विचारले. काझी उठला, जोडे काढतात तिथपर्यंत मागे गेला, जमिनीला कपाळ टेकवले आणि मोठ्याने म्हणाला, मारा किंवा ठेवा, हे सगळे निषिद्ध आहे. सुलतान न बोलता आत गेला.

दुसऱ्या दिवशी काझीने दानधर्म केला, स्नान केले, घरच्यांचा निरोप घेतला आणि दरबारात आला. सुलतानाने त्याला अंगावरचा पोशाख आणि हजार टंके दिले. वर सांगितले, की राज्याच्या हिताचे मला जे दिसते ते मी करतो, ते शरियतीला धरून आहे की नाही हे मला ठाऊक नाही. म्हणजे उत्तर ऐकले, पण देवगिरीची संपत्ती काही परत गेली नाही.

बरनीने हे सारे अर्धशतक उलटल्यावर, म्हातारपणी, विपन्नावस्थेत लिहिले. संवाद शब्दशः तसेच झाले असतील असे समजायचे कारण नाही, आणि चुलत्याचे कौतुक पुतण्या करणारच. तरीही शेवटच्या वर्षांबद्दल त्याने लिहिले आहे ते बोलके आहे. आजारी, तापट सुलतानाने जुनी जाणती माणसे दूर केली आणि मलिक काफूरचे एकट्याचे ऐकू लागला. त्याच्या सांगण्यावरून वारस खिज्रखान ग्वाल्हेरच्या कैदेत गेला, आल्पखान मारला गेला. १३१६च्या जानेवारीत अल्लाउद्दीन वारला. काफूरने लगेच खिज्रखानाचे डोळे काढवले, आणि १३२०मध्ये खिलजींचे राज्यच संपले.