संदर्भ : राजस्थान सीमेवरील १९७१ चे युद्ध आणि त्याभोवतीचे वाद

जयपूर : भारत-पाकिस्तान युद्धांचा विषय निघाला की राजस्थानात सर्वप्रथम ‘लोंगेवाला’ हे नाव घेतले जाते. जैसलमेर जिल्ह्यातील या सीमाचौकीवर डिसेंबर १९७१ मध्ये झालेली लढाई चित्रपटामुळे देशभर पोहोचली. ती प्रत्यक्षात कोणी जिंकली, लष्कराने की हवाई दलाने, यावर पुढे निवृत्त अधिकाऱ्यांमध्ये जाहीर मतभेद झाले आणि प्रकरण न्यायालयीन दाव्यापर्यंत गेले. याच वाळवंटी आघाडीच्या दक्षिण टोकाला जयपूरच्या राजघराण्यातील एका अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखालील कमांडोंनी सिंधमधील छाछरो जिंकले. वर्ष उलटते न उलटते तोच ते पाकिस्तानला परत देण्यात आले. परिणामांच्या दृष्टीने हा दुसरा वाद अधिक गंभीर होता. मात्र सार्वजनिक चर्चेत पहिल्यानेच अधिक जागा व्यापली.

पुण्यातून हाताळलेली आघाडी

पाकिस्तानच्या हवाई दलाने ३ डिसेंबर १९७१ रोजी सायंकाळी भारतीय विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला औपचारिक तोंड फुटले. राजस्थानातील जोधपूर आणि बाडमेरजवळचे उत्तरलाई हे तळही त्यांच्या लक्ष्यांत होते. भारताचे मुख्य उद्दिष्ट पूर्व पाकिस्तान हे होते. पश्चिमेकडे शत्रूला रोखून धरावे आणि संधी मिळेल तेथे मर्यादित चढाई करावी, असे धोरण होते. वाळवंटातील कारवाईचे मूल्यमापन करताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते, कारण नंतरची बरीच टीका जणू कराची गाठण्याचाच बेत होता अशा थाटात झाली.

राजस्थान आणि कच्छची सीमा तेव्हा लष्कराच्या पुणेस्थित दक्षिण कमांडच्या अखत्यारीत होती. कमांडचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर. जानेवारी १९७३ मध्ये ते माणेकशा यांच्यानंतर लष्करप्रमुख झाले. जयपूरला कमांडचे मुख्यालय येण्यास त्यानंतर तीन दशके जावी लागली. दक्षिण-पश्चिम कमांडची स्थापना येथे १५ एप्रिल २००५ रोजी झाली. मात्र जैसलमेर आणि बाडमेरची सीमा आजही जोधपूर येथील बाराव्या कोअरमार्फत पुण्याच्याच कमांडकडे आहे.

बेवूर यांच्या हाताशी दोन पायदळ डिव्हिजन होत्या. मेजर जनरल आर. एफ. खंबाटा यांच्या बाराव्या डिव्हिजनने जैसलमेरकडून सीमा ओलांडून रहीम यार खानच्या दिशेने सरकायचे होते. कराची आणि लाहोरला जोडणारा लोहमार्ग त्या शहरातून जातो; तो तुटला असता तर पाकिस्तानचे दोन भाग एकमेकांपासून अलग पडले असते. मेजर जनरल आर. डी. आर. आनंद यांच्या अकराव्या डिव्हिजनने बाडमेरकडून मुनाबाव-खोखरापार लोहमार्गाच्या कडेने नया छोर गाठायचे होते.

लोंगेवाला : श्रेय कोणाचे

बाराव्या डिव्हिजनची चढाई मार्गी लागण्यापूर्वीच पाकिस्तानने घाव घातला. ४ आणि ५ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री सीमास्तंभ क्रमांक ६३८ जवळील भारतीय गस्ती तुकडीला रणगाड्यांची घरघर ऐकू आली. पाकिस्तानचे सुमारे दोन हजार सैनिक आणि चाळीसहून अधिक रणगाडे लोंगेवालाच्या रोखाने येत होते. तेथून रामगढ आणि पुढे जैसलमेर गाठण्याचा त्यांचा बेत होता. चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली २३ पंजाब पलटणीची एक कंपनी होती. सुमारे १२० जवान आणि रणगाड्यांना तोंड देण्यासाठी जीपवर बसवलेल्या दोन रिकॉइललेस तोफा, एवढेच त्यांचे बळ होते.

वरिष्ठांनी चांदपुरी यांना चौकी लढवण्याचा किंवा पायी रामगढकडे मागे सरकण्याचा पर्याय दिला होता. त्यांनी थांबण्याचा निर्णय घेतला. पहिले रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत गोळीबार रोखून धरण्यात आला. त्यानंतर चौकीभोवतीचे काटेरी तारेचे कुंपण पाहून पुढे सुरुंग पेरलेले असावेत असा पाकिस्तानी तुकड्यांचा समज झाला आणि त्या थबकल्या. त्या संकोचात रात्रीचे मोलाचे तास निघून गेले. उजाडले तेव्हा रणगाडे उघड्या वाळूत, कित्येक तर रुतलेल्या अवस्थेत उभे होते.

जैसलमेरच्या तळावर विंग कमांडर एम. एस. बावा यांच्या अधिकाराखाली हंटर विमाने होती. रात्री हल्ला करण्याची सोय त्यांच्यात नव्हती. पहाटेच्या पहिल्या उजेडात ती झेपावली. लष्कराच्या कृषक या छोट्या निरीक्षण विमानातून त्यांना लक्ष्ये दाखवली जात होती. पाकिस्तानी हवाई दलाचे संरक्षण या रणगाड्यांना लाभलेच नाही. तीसहून अधिक रणगाडे गमावून पाकिस्तानी ब्रिगेड मागे फिरली. भारतीय कंपनीचे दोन जवान धारातीर्थी पडले. चांदपुरी यांना महावीरचक्र देण्यात आले.

१९९७ मध्ये जे. पी. दत्ता यांचा ‘बॉर्डर’ प्रदर्शित झाला. चित्रपटात हवाई दल अखेरीस येते आणि तोवर बहुतेक प्रमुख पात्रे हुतात्मा झालेली असतात. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंह राठोड यांच्यावर बेतलेले पात्रही पडद्यावर मरण पावते. प्रत्यक्षात राठोड यांना १९७२ मध्ये सेना पदक मिळाले आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूर येथे त्यांचे निधन झाले. जोधपूर जिल्ह्यातील हा माणूस पडद्यावरच्या आपल्या मरणानंतर पाव शतक जगला. लोकमानसातील युद्धाचे चित्र आणि नोंदीतील युद्ध यांत किती अंतर पडते, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

२००८ च्या सुमारास काही निवृत्त अधिकाऱ्यांनी जाहीरपणे प्रश्न उपस्थित केला. रणगाडे विमानांनी फोडले, जमिनीवर सांगितली जाते तशी लढाई झालीच नाही, असा त्यांचा रोख होता. चांदपुरी यांनी हा आपल्या जवानांचा अवमान मानला आणि एक रुपयाच्या प्रतीकात्मक भरपाईचा दावा मांडला. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी मोहालीत त्यांचे निधन झाले. वाद मागे राहिला.

घटनाक्रम नीट मांडला तर श्रेयाची ही वाटणीच फारशी अर्थपूर्ण ठरत नाही. बहुतांश रणगाडे विमानांनी नष्ट केले, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. पण कंपनी रात्रीच मागे हटली असती तर उजाडेपर्यंत तेच रणगाडे रामगढच्या वाटेवर असते. उलट, विमाने आली नसती तर दोन तोफांच्या बळावर १२० जवान दिवसभर टिकणे अशक्यप्राय होते.

अधिक अवघड प्रश्न दोन आहेत आणि ते कोणाच्याही शौर्याशी संबंधित नाहीत. एवढा मोठा चिलखती ताफा सीमेवर जमा होत असताना त्याचा सुगावा आधी का लागला नाही? आणि मोडून पडलेल्या शत्रूचा पाठलाग करून रहीम यार खानकडे सरकण्याचा मूळ बेत का सोडून देण्यात आला? इस्लामगढसारखी ठाणी हाती आली. पण बाराव्या डिव्हिजनचे बरेचसे बळ बचावाकडे वळले आणि मुख्य चढाई झालीच नाही. सावधगिरी योग्य होती, असे मानणारे पाणी, इंधन आणि रस्त्यांच्या टंचाईकडे बोट दाखवतात. पाकिस्तानी हल्ला फसला तरी त्याने भारतीय चढाई थोपवली आणि या अर्थाने त्याचा एक हेतू साध्य झाला, असा टीकाकारांचा युक्तिवाद असतो.

पाकिस्तानात या प्रश्नांची चौकशी झाली, हेही नोंदवले पाहिजे. हमुदूर रहमान आयोगाने अठराव्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल बी. एम. मुस्तफा यांच्यावर खटला चालवण्याची शिफारस केली होती. रामगढ घेण्याची योजना लष्करीदृष्ट्या सदोष आणि घिसाडघाईने आखलेली होती, असा आयोगाचा निष्कर्ष होता. तो अहवालही तेथे दडवून ठेवला गेला आणि २००० मध्ये एका भारतीय नियतकालिकातून बाहेर आला.

भारतात संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९७१ च्या युद्धाचा अधिकृत इतिहास तयार केला; पण तो वर्षानुवर्षे फायलीत राहिला. २००० मध्ये तो वृत्तपत्रामार्फत फुटला, तेव्हा युद्धाला २९ वर्षे झाली होती. १९६२ च्या युद्धावरील हेंडरसन ब्रूक्स अहवाल तर सरकारने अद्याप अधिकृतपणे खुला केलेला नाही. याउलट कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील आढावा समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, काही महिन्यांतच संसदेपुढे आला. युद्धाच्या नोंदी वेळेत खुल्या करून अधिकृत इतिहास लिहिण्याची गरज त्या समितीनेही मांडली होती. त्या धर्तीवर जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नवे धोरण स्वीकारले. युद्ध किंवा मोहीम संपल्यापासून पाच वर्षांत इतिहास संकलित करावा आणि साधारणतः २५ वर्षांत कागदपत्रे खुली करावीत, असे त्यात म्हटले आहे. नोंदी बंद राहिल्या की आठवणी हाच एकमेव पुरावा उरतो आणि आठवणी ज्याच्या त्याच्या पलटणीच्या असतात. लोंगेवालाचा वाद इतका कडवट होण्यामागे हेही एक कारण आहे.

छाछरो : जिंकले आणि परत दिले

बाडमेर आघाडीवर चित्र वेगळे होते. अकराव्या डिव्हिजनने खोखरापार घेतले. भारतीय अभियंत्यांनी सीमेवरचा तुटलेला लोहमार्ग जोडून रसद पुढे नेली. परबत अलीचे ठाणे पडले. नया छोरसमोर मात्र पाकिस्तानी बचाव चिवट ठरला आणि वाळूत लांबलेली पुरवठ्याची साखळी ताणली गेली. १७ डिसेंबरला युद्धबंदी झाली तेव्हा नया छोर पाकिस्तानकडेच होते.

या मुख्य चढाईच्या दक्षिणेला १० पॅरा कमांडो पलटण कार्यरत होती. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल सवाई भवानीसिंह. वडील सवाई मानसिंह यांचे जून १९७० मध्ये निधन झाल्यानंतर ते जयपूरच्या गादीचे वारस झाले होते. ५ डिसेंबरच्या रात्री त्यांच्या तुकड्या हलक्या वाहनांतून सीमेपार गेल्या. सुमारे ८० किलोमीटर आत असलेल्या छाछरोवर त्यांनी छापा घातला. त्यानंतर विरावाह आणि नगरपारकर परिसरातही कारवाई केली. चार दिवस आणि चार रात्री ही मोहीम चालली. स्थानिक वाटाड्यांशिवाय ती शक्य नव्हती. बाखासरचा बलवंतसिंह या तत्कालीन दरोडेखोराने कमांडोंना वाट दाखवल्याची कथा बाडमेर भागात आजही अभिमानाने सांगितली जाते.

भवानीसिंह यांना महावीरचक्र मिळाले. योगायोग असा की त्याच डिसेंबरच्या २८ तारखेला २६ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि संस्थानिकांचे तनखे व पदव्यांची मान्यता संपुष्टात आली. महाराजा म्हणून युद्धावर गेलेल्या या अधिकाऱ्याचे कायद्याच्या लेखी लष्करी पद तेवढे उरले. १७ एप्रिल २०११ रोजी त्यांचे निधन झाले. १० पॅराच्या सन्मानचिन्हांत ‘छाछरो १९७१’ कायम आहे.

२ जुलै १९७२ च्या सिमला कराराने हा प्रदेश परत द्यावा लागला. पश्चिम आघाडीवर भारताने परत केलेली भूमी साधारणतः १३ हजार चौरस किलोमीटर सांगितली जाते. तिचा मोठा भाग सिंधच्या वाळवंटातील होता. जम्मू-काश्मीरमध्ये १७ डिसेंबरच्या युद्धबंदीनंतरची स्थिती नियंत्रण रेषा म्हणून मान्य झाली, त्यामुळे लडाखमधील तुर्तुक भारताकडे राहिले. छाछरो मात्र निर्विवाद आंतरराष्ट्रीय सीमेपलीकडे होते. डिसेंबर १९७२ पर्यंत सैन्य तेथून मागे आले.

अटलबिहारी वाजपेयी यांच्या नेतृत्वाखालील जनसंघाने कराराला कडाडून विरोध केला. काश्मीर प्रश्नाचा अंतिम निकाल न लावता जिंकलेली भूमी का सोडली, हा त्यांचा सवाल होता. दुसऱ्याच्या भूमीवर कायमचा ताबा ठेवण्याचा हेतू कधीच नव्हता आणि टिकाऊ शांततेसाठी हे आवश्यक आहे, अशी सरकारची भूमिका होती. सुमारे ९३ हजार युद्धकैद्यांचा प्रश्न सिमल्यात सुटला नाही. त्यांच्या सुटकेचा मार्ग ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर मोकळा झाला. त्यामुळे कैद्यांच्या बदल्यात भूमी, हे लोकप्रिय समीकरण वस्तुस्थितीला धरून नाही.

या वादात थारपारकरच्या रहिवाशांचा उल्लेख अभावानेच होतो. भारतीय सैन्य आत शिरले तेव्हा आणि ते परत निघाले तेव्हाही सोढा राजपूत, मेघवाळ आणि इतर समाजांतील हजारो हिंदू कुटुंबे बाडमेर आणि कच्छमध्ये आली. छाछरो भागातील प्रभावी राजकीय नेते लक्ष्मणसिंह सोढा हेही त्यांत होते. प्रदेश भारताकडे राहील या आशेने घर न सोडलेल्यांपुढे १९७२ मध्ये गाव किंवा सुरक्षितता यांतील एकच निवडण्याची वेळ आली. आलेल्यांना काही वर्षे छावण्यांत काढावी लागली; नागरिकत्व आणि पुनर्वसन त्या दशकाच्या उत्तरार्धात मिळाले.

सोढा राजपुतांत आपल्याच कुळात विवाह होत नाहीत, त्यामुळे सीमेपलीकडे राहिलेल्यांना सोयरीक जुळवण्यासाठी राजस्थानकडेच पाहावे लागते. १९६५ पासून बंद असलेला मुनाबाव-खोखरापार रेल्वेमार्ग १८ फेब्रुवारी २००६ रोजी थार एक्स्प्रेसच्या रूपाने पुन्हा सुरू झाला, तेव्हा जोधपूरहून निघणाऱ्या या गाडीत अशा कुटुंबांची मोठी गर्दी असे. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही देशांचे संबंध ताणले गेल्यावर ती गाडी पुन्हा बंद पडली.