कान फुंकणे, कान टोचणे वगैरे वगैरे

मंडळी, ऑफिसात आपण सर्रास म्हणतो, "आय अ‍ॅम ऑल इअर्स". कुणी दुर्लक्ष केलं की त्याने 'डेफ इअर' दिला. पण मराठीचं दुकानही काही लहान नाही बरं का! आपण कानात प्राण आणून ऐकतो, नको तिथे कानाडोळा करतो, अंगाशी आलं की कानावर हात ठेवतो आणि मग एकदाचा कानाला खडा लावतो.

एवढे वाक्प्रचार कानालाच का? कारण सरळ आहे. छापखाना येण्याआधी बहुतेकांचं शिक्षण कानानेच व्हायचं. वेद म्हणजे 'श्रुती'. विद्वान माणूस 'बहुश्रुत', म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकलंय तो. नवविधा भक्तीत पहिला नंबर श्रवणाचा. बुद्धाचे शिष्य 'श्रावक', म्हणजे ऐकणारे. आपल्या वेरूळच्या १० नंबरच्या लेण्यात कुणी एक स्वर लावला की तो कसा घुमतो, ते ऐकलंच असेल. इंग्रजीतही हेच. 'ऑडिट' हा शब्द 'ऐकणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला, कारण पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवत आणि तपासणारा ते ऐकायचा.

आता गंमत बघा. गुरू शिष्याच्या कानात मंत्र सांगायचा, तो कानमंत्र. त्यालाच 'कान फुंकणे' म्हणत. आज कान फुंकणारा म्हणजे चहाडखोर! क्रिया तीच, अर्थ पार उलटा. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. त्यामुळे मंत्र ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने विषही जातं. 'हलक्या कानाचा' ही शिवी उगाच नाही झाली.

ऐकीव गोष्टीत भेसळ होते, हे आपल्या पैठणच्या एकनाथांना चांगलं ठाऊक होतं. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. ज्ञानेश्वर सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा ऐकून लिहून घेत होते. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं ती पाठांतरातून आणि हाती उतरवलेल्या नकलांमधून फिरली. कुठे शब्द बदलले, कुठे पदरच्या ओव्या घुसल्या. शेवटी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी पाठ तपासून शुद्ध प्रत तयार केली. वर, यात कुणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड रिव्ह्यू केला आणि मास्टर ब्रँच लॉक केली :)

विशेष म्हणजे हेच नाथ भारुडं रचून लोकांच्या कानांपर्यंत पोचणारे. कानावर त्यांचा राग नव्हता. कानावर पडलेलं तपासून घ्यावं, एवढाच आग्रह.

आज कर्णोपकर्णी जायला बातमीला तीनशे वर्षं लागत नाहीत, चहा निवायच्या आत ती शंभर ग्रुपवर जाते. 'मला आतून कळलंय' म्हणत कुणी मित्राबद्दल काही सांगितलं, की आपण त्या मित्राला न विचारताच मत बनवून मोकळे! अशाने नोकऱ्या जातात, मैत्र्या तुटतात, कधी गावंही पेटतात.

म्हणून मला आपली ती म्हण फार पटते, कान सोनारानेच टोचावेत. ऐकावं सगळ्यांचं, पण सुई कुणाच्या हातात आहे ते आधी बघावं.

असो. तुमच्याकडचे कानाचे वाक्प्रचार जरूर कळवा.