वतनाचं मढं आणि स्वेच्छेचा देह



देहदानाचा, अवयवदानाचा विषय आमच्या वस्तीत काढला की दोन उत्तरं हमखास मिळतात. म्हातारी माणसं म्हणतात, "डोळे काढून दिले तर पुढच्या जन्मी आंधळं जन्माला यावं लागंल." तरुण म्हणतात, "आमच्या बापजाद्यांनी गावाची मढी वाहिली, आता आम्ही स्वतःचीच मढी द्यायची का?" पहिल्या उत्तराला विज्ञान आणि धम्म पुरेसा आहे. दुसऱ्यासाठी इतिहासात जावं लागतं.

आधी पहिलं. आपलं हृदय दिवसात सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. हृदय थांबलं की काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. बाकीचे अवयव मात्र त्याच क्षणी मरत नाहीत. डोळ्यावरचा पारदर्शक पडदा सहा तासांपर्यंत काढून दुसऱ्याला बसवता येतो. अपघातात मेंदू कायमचा मेला, पण व्हेंटिलेटरमुळे हृदय चालू आहे, अशा माणसाचं मूत्रपिंड, यकृत, हृदय दुसऱ्याच्या शरीरात पुन्हा काम करू लागतं. काही तासांनी प्रेत ताठरतं, दीडेक दिवसानं सैल पडतं. मग आतड्यातलेच जीवाणू आतून शरीर कुजवू लागतात. या साऱ्या प्रवासात 'आत्मा' नावाची वस्तू कोणत्या वाटेनं बाहेर पडली? दहाव्याला पिंडाला शिवणारा कावळा नेमका कोणासाठी येतो?

तथागतांच्या धम्मात हे विवेचन जुनंच आहे. खुद्दकपाठात केस, नखं, दात, हृदय, यकृत, फुप्फुस असे शरीराचे बत्तीस भाग सांगितले आहेत. सतिपट्ठान सुत्तात फुगलेल्या प्रेतापासून हाडांच्या भुकटीपर्यंत नऊ अवस्था भिक्खूला डोळसपणे पाहायला सांगितल्या आहेत. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मांडलं की शरीर पृथ्वी, आप, तेज, वायू या घटकांचं बनलेलं आहे आणि मृत्यूनंतर हे घटक निसर्गातल्या आपल्यासारख्याच घटकांत मिसळतात. आत्म्याच्या पुनर्जन्माला तिथं जागाच नाही. मग पुढच्या जन्मी आंधळा कोण होणार?

आता दुसरं उत्तर, जे जास्त खोल आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मृत्यूचं सुतकसुद्धा वर्णानुसार वाटलेलं आहे: ब्राह्मणाला दहा दिवस, क्षत्रियाला बारा, वैश्याला पंधरा आणि शूद्राला महिनाभर. दहाव्या अध्यायात हुकूम आहे की ज्याला कोणी नातलग नाही, त्याचं प्रेत चांडाळांनी वाहून न्यावं. म्हणजे प्रेत अपवित्र, ते उचलणारा त्याहून अपवित्र, आणि ते उचलणं त्याच्यावर बंधनकारक! गावगाड्यात याच मानसिकतेचं वतन झालं. मेलेलं ढोर ओढणं, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव पळणं, सरणाला लाकडं पुरवणं ही कामं महारांच्या माथी होती. मोबदला काय, तर बलुतं आणि प्रेतावरचं कापड.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे इथं २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तिथं आले. वतनाविरुद्धची त्यांची लढाई त्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडलेल्या विधेयकापासून सुरू झाली होती. अखेर १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली.

याच जिल्ह्यात तेर आहे, प्राचीन तगर. तिथं उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले आणि तिथल्या त्रिविक्रम मंदिराची वास्तू मूळचा चैत्य असल्याचं अभ्यासक सांगतात. स्तूपाची परंपरा काय सांगते? अस्थी मध्यभागी ठेवून माणसं तिच्याभोवती वंदन करत फिरत. ज्या मृत शरीराला मनूनं विटाळ ठरवलं, त्याच्या अवशेषांना या भूमीतल्या आपल्या धम्मबांधवांनी आदर दिला होता.

१८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं. त्यांचं नाव इतिहासात कोरलं गेलं, आणि त्यांचं धाडस खरंच मोठं होतं. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी मृत शरीर हाताळलं, त्यांच्या वाट्याला शरीराचं शास्त्र कधी आलं नाही. स्पर्श आमचा, ज्ञान त्यांचं! पुढे १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्यानं बेवारस प्रेतं वैद्यकीय महाविद्यालयांना मिळू लागली. बेवारस कोण मरतं? फुटपाथवरचा, स्थलांतरित, कंगाल माणूस. मनूचं 'नातलग नसलेलं प्रेत' इथं पुन्हा भेटतं.

म्हणून आम्ही तरुणांना सांगतो, तुमचा राग खरा आहे, पण निष्कर्ष तपासून पाहा. वतनात संमती नव्हती. देहदान तुम्ही स्वतः, जिवंतपणी, सही करून ठरवता. ज्यांना मढं ओढायला लावलं, त्यांच्या नातवानं आपला देह कुठं जाईल हे स्वतः ठरवणं हा वतनाला दिलेला जबाब आहे. आज धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं आपली मुलंमुलीही डॉक्टर होण्यासाठी शिकतील. शरीर समजून घ्यायला त्यांना शरीर लागेलच. ते फक्त बेवारस गरिबाचंच का असावं?

आमची अटही आहे. १९९४ च्या कायद्यानं अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली, पण प्रत्यारोपणाचा खर्च गरिबाला झेपत नाही. देणारे आम्ही आणि घेणारे फक्त पैसेवाले, असं चालणार नाही. प्रतीक्षा यादी पारदर्शक हवी, उपचार सरकारी रुग्णालयात मिळायला हवेत. हा प्रश्न दान देणाऱ्यानंच सर्वांत मोठ्या आवाजात विचारावा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. अर्ज भरून कपाटात ठेवू नका. मृत्यूनंतर निर्णय घरच्यांच्या हातात असतो. आईला, बायकोला, नवऱ्याला, लेकरांना आजच सांगून ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!