फ्लॉपीचे खोटे कुलूप

१९८० च्या दशकात काम जतन करताना पडद्यावर डॉसचा ‘राइट प्रोटेक्ट एरर’ उमटला, की दोष सहसा फ्लॉपीच्या माथी येई. वस्तुतः फ्लॉपीला कुलूप नव्हतेच. कडेला एक खाच किंवा छिद्र होते आणि ते चाचपून पाहणारा ड्राइव्ह होता. निर्णय त्याचा.

त्यात संकेतही दर पिढीला उलटले. आठ इंची फ्लॉपीची खाच उघडी असल्यास लेखन बंद. १९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्सने सव्वापाच इंची ड्राइव्ह आणला. त्यात उघडी खाच म्हणजे लेखनाची मुभा. पुढे रूढ झालेल्या साडेतीन इंची फ्लॉपीत उघडे छिद्र पुन्हा मनाईचे! गोंधळ न झाला तरच नवल.

बिघाडही त्यानुसारच होत. सव्वापाच इंची ड्राइव्हच्या प्रकाश-संवेदकावर धूळ बसली, की उघडी खाच झाकल्यासारखी भासे. साडेतीन इंचीच्या अनेक ड्राइव्हमध्ये बारीक खुंटीचा स्विच असे. त्याचे संपर्कबिंदू गंजले, की छिद्र बंद असूनही फ्लॉपी ‘लॉक’. निदान सोपे होते: दुसरी, खात्रीची फ्लॉपी घालावी. तीही नाकारली गेली, तर दोष ड्राइव्हचा. फ्लॉपीची सरकपट्टीच तुटली असल्यास छिद्रावर अपारदर्शक चिकटपट्टी पुरे.

उलट चूक मात्र महाग पडे. सव्वापाच इंचीची खाच पारदर्शक टेपने झाकली, तर प्रकाश आरपार जाई आणि सुरक्षित समजलेल्या एकमेव प्रतीवर ड्राइव्ह बिनदिक्कत लिही.